आईच्या दुधाला अ‍ॅक्युपंक्चरची साथ

बाळंतपणानंतर छाती दाटणे, पान्हा न फुटणे, दूध पुरत नसल्याची धास्ती... या तक्रारींवर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो का? होत असेल तर किती? सुया टोचून घेण्याआधी आईने आणि तिच्या घरच्यांनी काय जाणून घ्यावे?

बाळाच्या जन्माचे पेढे वाटून होतात न होतात, तोच अनेक घरांत एक नवी काळजी सुरू होते. बाळ सारखे रडते. बाळंतिणीच्या छातीत कळा येतात, स्तन दगडासारखे घट्ट होतात आणि बाळाला ते तोंडात धरताच येत नाहीत. कुणी म्हणते, "हिला दूधच नाही." कुणी अळिवाची खीर करते, कुणी शतावरी कल्प आणून देते, तर कुणी सरळ पावडरच्या दुधाचा डबा आणून ठेवते. शिणलेल्या आईचा स्वतःवरचा विश्वास इथेच डळमळतो. पहिल्या पंधरा दिवसांत एकदा बाटली सुरू झाली की अंगावरचे दूध हळूहळू मागे पडते.

बाळाला जन्मानंतर पहिल्या तासाभरात अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात काय घडते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पहिल्या तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती. म्हणजे तीनांतल्या एका बाळाला दुसरे काहीतरी दिले जात होते.

अशा वेळी आईला मदतीचा जो हात मिळेल तो हवाच असतो. अलीकडे अनेक शहरांत बाळंतिणी अ‍ॅक्युपंक्चरकडेही वळताना दिसतात. ही पद्धत पूरक म्हणून वापरली तर काही मातांना तिचा आधार मिळू शकतो. मात्र मूळ उपचार सोडून केवळ सुयांच्या भरवशावर राहिले तर नुकसान आईचे आणि बाळाचेच होते.

पान्हा कसा फुटतो?

सुयांकडे वळण्याआधी दूध कसे तयार होते ते समजून घेऊ या. बाळ स्तन चोखू लागले की त्याची जाणीव मज्जातंतूंवाटे आईच्या मेंदूपर्यंत पोहोचते. तिथल्या पिच्युटरी ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या पिशव्यांभोवतालचे बारीक स्नायू आवळले जाऊन दूध बाहेर येते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो.

यातली दुसरी क्रिया फार नाजूक आहे. टाक्यांचे दुखणे, जागरण, भीती, घरातली कुरबूर यांमुळे पान्हा अडतो. दूध तयार असते, पण उतरत नाही. दूध उतरले नाही, स्तन रिकामे झाले नाहीत, तर पुढचे दूधही कमी तयार होते. बाळ जितके जास्त पिते तितके दूध जास्त येते, हा निसर्गाचा सरळ हिशेब आहे.

म्हणूनच "दूध नाही" असे वाटणाऱ्या बऱ्याच मातांच्या बाबतीत दूध असते. अडचण एकतर बाळाच्या पकडीत असते, नाहीतर फार वेळाने पाजण्यात किंवा दुखण्यात आणि ताणात असते. अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग झालाच तर तो यातल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी होण्याची शक्यता अधिक आहे.

चीनमधून भारतात

अ‍ॅक्युपंक्चरचे मूळ चीनमध्ये आहे. तिथे या विद्येला सुमारे दोन हजार वर्षांची ग्रंथपरंपरा आहे. शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठराविक मार्गांनी वाहते आणि तिच्या वाटेत अडथळा आला की आजार होतो, अशी त्यामागची जुनी कल्पना. त्या मार्गांवरच्या बिंदूंवर बारीक सुया टोचून हा अडथळा दूर करतात. आधुनिक वैद्यकाला असे मार्ग शरीरात सापडलेले नाहीत. मात्र सुई टोचल्यावर मज्जातंतू उत्तेजित होतात आणि शरीरातली नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे संशोधनात दिसले आहे.

ही विद्या भारतात येण्याच्या हकिकतीत महाराष्ट्राचाही धागा आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले होते. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसूही होते. डॉ. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. डॉ. बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर त्यांनी कोलकात्यात या उपचारांचा पाया घातला. पंजाबात लुधियाना इथे कोटणिसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचे रुग्णालयही आहे.

पुढे पश्चिम बंगालने १९९६ साली या पद्धतीसाठी कायदा केला. महाराष्ट्रातही २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चर अधिनियम आहे. २०१९ साली केंद्र सरकारने या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

सुया कुठे टोचतात?

बाळंतिणीच्या दुधासाठी चिनी परंपरेत तीन बिंदूंचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पहिला शाओझे. हा करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी असतो. दुसरा दानझोंग, छातीच्या मधल्या हाडावर, दोन स्तनाग्रांच्या मधोमध. तिसरा रूगेन, म्हणजेच 'स्तनाचे मूळ'. हा स्तनाखाली, स्तनाग्राच्या सरळ रेषेत येतो. याशिवाय थकव्यासाठी गुडघ्याखालचा आणि ताणासाठी पावलावरचा बिंदूही घेतात. अंतरे मोजायची ती रोगिणीच्याच बोटांच्या मापाने. आपल्याकडे आजी "चार बोटे वर" म्हणते, तसेच.

सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात. सुया साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात. कधी सुयांना अगदी सौम्य विद्युतप्रवाह जोडतात.

छातीवरच्या बिंदूंबाबत मात्र विशेष दक्षता हवी. तिथे सुई आडवी आणि उथळच टोचावी लागते. सरळ आणि खोल गेली तर फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो. खांद्यावरच्या बिंदूचेही तसेच. म्हणून हे काम पक्क्या शिक्षणाचे आहे, पुस्तक वाचून करण्याचे नाही.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावरचा एक चांगला अभ्यास स्वीडनमध्ये झाला. तिथे प्रसूती करणाऱ्या प्रशिक्षित सुईणी अ‍ॅक्युपंक्चरही वापरतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्तन दाटून लाल झालेल्या, दुखणाऱ्या २०५ स्तनदा माता होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. पाजण्याची पद्धत सुधारणे, स्तन रिकामे करणे यांसारखी काळजी तिन्ही गटांत घेतली गेली. दोन गटांना त्याशिवाय सुया टोचल्या. कोपराच्या आतल्या बाजूचा आणि खांद्यावरचा असे दोन बिंदू दोन्ही गटांत घेतले आणि एका गटात घोट्याच्या वरचा बिंदूही घेतला. सुया न टोचलेल्या गटासाठी ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा फवारा होता.

निकाल काय लागला? तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सुया टोचलेल्या मातांचा त्रास इतरांपेक्षा कमी होता. पण पूर्ण बऱ्या झालेल्या मातांच्या संख्येत गटागटांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे मधले दिवस थोडे सुसह्य झाले, एवढेच खात्रीने म्हणता येते. बाळंतिणीला ते दिवस किती जड जातात हे जिने सोसले तिलाच ठाऊक, त्यामुळे एवढा आरामही कमी मोलाचा नाही. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एकूण मातांपैकी १५ टक्के मातांना प्रतिजैविके द्यावीच लागली. सर्वांचेच सुयांवर आणि काळजीवर भागले नाही.

दूध वाढते का, हा प्रश्न वेगळा. इटलीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ९० मातांच्या अभ्यासात तीन आठवडे अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्या गटात तिसऱ्या महिन्यातही केवळ अंगावर पाजणाऱ्या माता जास्त आढळल्या. तेहरानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ६० मातांच्या अभ्यासात सुया नव्हत्याच. तिथे करंगळीच्या, अंगठ्याजवळच्या आणि खांद्यावरच्या बिंदूंवर रोज तीनदा, बारा दिवस केवळ दाब दिला होता. त्या मातांचे दूध इतरांपेक्षा जास्त भरले. चीनमध्येही करंगळीच्या बिंदूवर बरेच प्रयोग झाले असून त्यांचे निष्कर्ष अनुकूल आहेत.

हे वाचून हुरळून मात्र जाऊ नये. यातले बरेच अभ्यास लहान आहेत. आपल्याला सुया टोचल्या आहेत हे आईला ठाऊक असते, आणि त्या विश्वासानेही मन सैल होऊन पान्हा फुटू शकतो. उपचार करणाऱ्याने अर्धा तास जवळ बसून आईचे ऐकून घेतले, तिला निवांत पडू दिले, याचाही परिणाम होतोच. यात सुईचा वाटा किती आणि मायेने विचारपूस करण्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. स्तन दाटण्यावरच्या सगळ्या उपचारांचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली घेतला. कोणताही एक उपचार सर्वत्र लागू करावा इतका भक्कम पुरावा त्यांनाही मिळाला नाही.

आधी हे करून पाहा

खर्च करून सुया टोचून घेण्याआधी पुढच्या गोष्टी नीट होत आहेत ना, ते पाहावे. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

* बाळाची पकड तपासा. बाळाच्या तोंडात नुसते स्तनाग्र नको, भोवतालचा काळसर भागही बराचसा जायला हवा. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. पिताना सतत दुखत असेल तर पकड चुकते आहे असे समजा.

* घड्याळ पाहून पाजू नका. बाळ मागेल तेव्हा पाजा. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला लागते. रात्रीचे पाजणे चुकवू नका.

* स्तन फार घट्ट झाले असतील तर पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध काढा, म्हणजे काळसर भाग मऊ होऊन बाळाला धरता येईल. पाजण्याआधी थोडा वेळ कोमट पाण्याचा शेक आणि पाजल्यावर गार पाण्याची घडी ठेवावी. गाठी जोराने रगडून काढू नका. त्याने सूज वाढते.

* काढलेले दूध बाळाला द्यायचे असेल तर बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमच्याने द्या.

* बाळाला पुरेसे दूध मिळते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लंगोट चांगला ओला होत असेल आणि दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आले असेल, तर सहसा दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, त्याने घाबरू नये.

अळीव, मेथी, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा हे सारे बाळंतिणीला पोषण देते आणि घरच्यांच्या मायेची ऊबही देते. ते जरूर द्यावे. पण बाळाला वारंवार अंगावर घेण्याची जागा कोणताही लाडू घेऊ शकत नाही. सुईदेखील घेऊ शकत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे?

काही वेळा दूध खरोखरच कमी असते आणि त्यामागे आजार असतो. प्रसूतीत फार रक्त जाणे, वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, थायरॉइडचा विकार, पूर्वी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया अशी कारणे असू शकतात. त्यांचा शोध डॉक्टरच घेऊ शकतात. आधी सुया घेत बसल्यास मोलाचे दिवस वाया जातात.

ताप, थंडी वाजणे, स्तनाचा एखादा भाग लाल आणि गरम होणे ही स्तनदाहाची लक्षणे आहेत. दिवसभरात उतार पडला नाही, किंवा आई जास्तच आजारी वाटली, तर लगेच डॉक्टर गाठावा. वेळेवर औषध न मिळाल्यास गळू होते. या काळात पाजणे थांबवू नये. सहसा असे दूध बाळाला अपाय करत नाही आणि स्तन रिकामे होत राहणे हाच अर्धा उपचार आहे.

बाळ सुस्त पडून असेल, प्यायला उठत नसेल, लघवी फार कमी होत असेल किंवा कावीळ वाढत असेल, तर एका तासाचीही वाट पाहू नका. आणि आई सतत रडत असेल, तिला झोप लागत नसेल, बाळाविषयी किंवा स्वतःविषयी वाईट विचार येत असतील, तर तिला "बाळंतपणाचा वायू" म्हणून दामटू नका. तोही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

चिकित्सक निवडताना

अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचे ठरलेच तर चिकित्सकाचे शिक्षण आणि नोंदणी विचारा. विचारण्यात संकोच कसला? सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातल्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, रक्त लवकर थांबत नसेल, किंवा पुन्हा दिवस गेल्याची शक्यता असेल तर आधीच सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येऊ शकते. बाळाला पाजून जा, म्हणजे निवांत पडता येईल.

"डॉक्टरांची औषधे बंद करा" किंवा "इतक्या बैठकांत दूध दुप्पट करून देतो" असे सांगणाऱ्याच्या दारातून सरळ परत फिरा. चांगला चिकित्सक आधी बाळाचे वजन विचारतो, पाजण्याची पद्धत विचारतो आणि गरज पडली तर स्वतःच डॉक्टरांकडे पाठवतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सुयांमुळे दुधात काही उतरते का?
नाही. सुईतून कोणतेही औषध शरीरात जात नाही, म्हणून बाळाला त्याचा अपाय नाही. सोबत कुणी काढे किंवा गोळ्या दिल्या तर मात्र त्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

सिझेरियननंतर चालते का?
टाके ठीक असतील आणि ताप नसेल तर डॉक्टरांना विचारून घेता येते. टाक्यांच्या आसपास सुया टोचत नाहीत.

सुयांची भीती वाटते. दाब देऊन चालेल का?
चालेल. करंगळीच्या नखाजवळचा आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधला बिंदू बोटाने दोन-तीन मिनिटे, सोसवेल इतकाच दाबा. दुसऱ्या कुणी हे हलक्या हाताने केले तर अधिक बरे. मात्र गरोदरपणी हे बिंदू दाबू नयेत.

किती दिवसांत फरक पडावा?
दाटलेल्या छातीचा त्रास असेल तर दोन-तीन दिवसांत कळते. दुधासाठी अभ्यासांमध्ये दोन ते तीन आठवडे उपचार केले होते. तेवढ्यात बाळाचे वजन वाढत नसेल, तर वाट पाहत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

घरच्यांची जबाबदारी

आपल्या देशाने आईच्या दुधासाठी मोठी पावले उचलली आहेत. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने सुरू झाली. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी केली. पण घरातल्या चार माणसांचे तोंड कोणता कायदा बंद करणार? "हिच्या दुधात कसच नाही," हे एक वाक्य पान्हा अडवायला पुरेसे असते.

सासूबाईंनी सुनेजवळ बसून बाळाची पकड बघावी. नवऱ्याने रात्री एकदा उठून बाळाचा लंगोट बदलावा, पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवावा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी थोडी आवरावी. तिला दुपारी दोन तास सलग झोप मिळाली, तर तिचा शीण निम्मा होतो.

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांनी एखाद्या आईचा ठणका कमी होत असेल, मन हलके होत असेल, तर त्यांचे स्वागतच करावे. मात्र त्या बाळाला अंगावर घेण्याच्या, डॉक्टरांच्या सल्ल्याच्या आणि घरच्यांच्या धीराच्या जोडीला असाव्यात, त्यांच्या जागी नव्हेत. आईला आधार मिळाला की बाळाची भूकही भागते.